सोलरची आग आणि ‘शॉर्टसर्किट’

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

छपरावरच्या सोलरला आग लागली की बातमीत एक वाक्य ठरलेले असते: ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ घरातल्या वायरिंगबाबत हा अंदाज बऱ्याचदा खरा निघतो. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत (पॅनेलच्या डीसीची घरात चालणारी एसी करणाऱ्या यंत्रापर्यंत) येणाऱ्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह वाहणाऱ्या वायरबाबत मात्र तो अनेकदा नेमका उलटा पडतो. तिथल्या आगीचे सगळ्यांत ओळखीचे मूळ म्हणजे सैल झालेला सांधा, म्हणजे जवळपास तुटलेले सर्किट. ‘शॉर्टसर्किट’ वाचून माणूस मोठा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, बसवून घेतो आणि निर्धास्त होतो. या आगीत तो एमसीबी ढिम्म हलत नाही. म्हणून हे पत्र.

५५० वॅटच्या एखाद्या पॅनेलच्या पाठीवरचे लेबल वाचून पाहावे. आकडे साधारण असे असतात: काहीही न जोडता ४९.८ व्होल्ट, पूर्ण भारावर ४१.७ व्होल्ट, चालू कामात १३.२ अँपिअर आणि दोन्ही टोके एकमेकांना टेकवली तर १३.९ अँपिअर. शेवटच्या दोन आकड्यांत फरक आहे जेमतेम ५ टक्क्यांचा. घरातल्या लाइनवर फेज-न्यूट्रल भिडले तर मागचा ट्रान्सफॉर्मर शेकडो, कधी हजारो अँपिअर ओततो आणि एमसीबी क्षणात पडतो. पॅनेलच्या मागे फक्त ऊन आहे. जेवढे ऊन तेवढाच प्रवाह. शॉर्ट केला म्हणून ते जास्त काही देत नाही. एकाच स्ट्रिंगवर, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेवर, १६ अँपिअरचा एमसीबी असेल तर त्या स्ट्रिंगचे शॉर्टसर्किट त्याला कळायला वावच नाही.

आता सांधा सैल झाला तर काय होते ते पाहू. अशी १० पॅनेल एकामागे एक जोडली की चालू स्ट्रिंगचे व्होल्टेज ४१७ होते. ५० हर्ट्झची एसी दर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी पडली तरी तिला विझायला १०० संधी मिळतात. डीसीला शून्य नाही. सांध्यात मिलिमीटरभर फट पडली की प्रवाह हवेतून वाहू लागतो आणि ऊन असेपर्यंत वाहत राहू शकतो. या आर्कचे तापमान हजारो अंशांत असते. तांबे १०८५ अंशांना वितळते, प्लॅस्टिक त्याच्या कितीतरी आधी. आर्कवर समजा ३० व्होल्ट पडले. ४१७ मधले ३० गेले तर इन्व्हर्टरला वाटते एखाद्या पॅनेलवर सावली आली असेल, आणि तो काम चालू ठेवतो. इकडे ३० गुणिले १३, म्हणजे ३९० वॅटची उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत. प्रवाह नेहमीपेक्षा थोडा कमीच झालेला असतो. जास्त प्रवाहावर पडणाऱ्या एमसीबीने मग पडावे तरी का?

अशी आर्क ओळखण्याचा मार्ग वेगळा आहे. आर्कमुळे डीसी वायरवर वरच्या फ्रिक्वेन्सीचा गोंगाट उठतो, तो इन्व्हर्टरमधले सर्किट ऐकते आणि यंत्रणा थांबवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने २०११ च्या आवृत्तीत छपरावरच्या ८० व्होल्ट आणि त्यावरच्या सोलरसाठी हे संरक्षण सक्तीचे केले. काही इन्व्हर्टरमध्ये ही सोय असते पण सेटिंगमधून चालू करावी लागते. बसवून घेणाऱ्याने ती चालू आहे का, एवढे तरी विचारावे. एकामागे एक असलेल्या सांध्यातली आर्क ती बऱ्यापैकी पकडते. प्लस आणि मायनस यांच्यामध्ये पेटलेली आर्क मात्र इन्व्हर्टर थांबला तरी विझेलच असे नाही, कारण तिला पोसणारे पॅनेल तिथेच आहे. वायरचे इन्सुलेशन अखंड राखणे हाच तिथला बंदोबस्त.

आता खुद्द सांधा. पॅनेलची वायर ज्या काळ्या कनेक्टरने जोडतात त्याला सगळेच ‘एमसी-फोर’ म्हणतात. ते मुळात मल्टी-कॉन्टॅक्ट या एका कंपनीच्या कनेक्टरचे नाव. त्यातला ४ म्हणजे पिनेचा ४ मिमी व्यास. पुढे त्याच घाटाचे कनेक्टर अनेकांनी काढले आणि पाकिटावर ‘एमसी-फोरला चालेल’ असे छापले. एकाचा नर दुसऱ्याच्या मादीत बसतो, ‘टक’ असा आवाजही येतो, पण आतल्या स्प्रिंगचा दाब, पत्र्याचा मुलामा आणि रबरी रिंगेचे माप जुळेल याची हमी कोणीच देत नाही. सोलरच्या मानकांत आणि कनेक्टर बनवणाऱ्यांच्या पत्रकांत एका मेकचा कनेक्टर त्याच मेकच्या जोडीला लावा असे स्पष्ट सांगितलेले असते. प्रत्यक्षात पॅनेलला कारखान्यात एक मेक लागलेला असतो आणि स्ट्रिंगच्या टोकाला छपरावर दुसरा लागतो. म्हणजे प्रत्येक स्ट्रिंगमध्ये किमान दोन सांधे विजोड. पॅनेल मागवतानाच त्याच्या कनेक्टरचा मेक विचारून तेवढेच नग वेगळे घेतले तर हा प्रश्न उरत नाही. सगळ्या यंत्रणेत ही सगळ्यांत कमी खर्चाची दुरुस्ती असेल.

चांगल्या जोडीचा रोध अर्ध्या मिलीओमच्याही आत असतो. १३ अँपिअरला तिथे एक दशांश वॅटही तापत नाही. पावसाचे पाणी, धूळ आणि रोजचे तापणे-निवणे यांनी तोच रोध १०० मिलीओम झाला की हिशोब होतो १३ गुणिले १३ गुणिले ०.१, म्हणजे जवळजवळ १७ वॅट. छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. तसला आयर्न प्लॅस्टिकच्या बोटभर नळीत रोज सहा तास तापत ठेवल्यासारखे हे आहे. स्प्रिंग तापून मऊ पडते, दाब कमी होतो, रोध आणखी वाढतो. शेवटी फट पडते आणि आर्क पेटते. हे एका दिवसात होत नाही, म्हणूनच बसवताना सगळे ठाकठीक दिसते.

कनेक्टर वायरीवर बसवण्याची रीत सांगायला हवी, कारण निम्मे नुकसान तिथेच होते. ४ किंवा ६ चौरस मिमीची सोलर वायर घ्यायची: कल्हई केलेल्या बारीक तारांची, दुहेरी इन्सुलेशनची, ऊन सोसणारी, १५०० व्होल्ट डीसीची. टोकाचे साल सुमारे ७ मिमी काढायचे, आतली एकही तार तुटू द्यायची नाही. सगळ्या तारा पिनेच्या नळीत गेल्या पाहिजेत. दोन तारा बाहेर राहिल्या की त्या पुढे रबर कापतात. मग त्या मापाच्या साच्याच्या क्रिंपरने एकदाच, पूर्ण दाबून क्रिंप करायचे, म्हणजे नळी तारांवर घट्ट आवळायची. साध्या पकडीने दाबलेली पिन बाहेरून चपटी दिसते, पण आत पोकळीच राहते आणि त्या पोकळीत हवा आणि ओल शिरते. वर सोल्डर ओतून ही पोकळी भरल्याचे समाधान मिळते, सांधा मजबूत होत नाही. क्रिंप झाल्यावर हाताने जोरात ओढून पाहायचे. पिन खोबणीत ‘टक’ बसली की मागचा नट हाताने न आवळता कनेक्टरच्या जोडपान्यांनी आवळायचा. नट ढिला राहिला तर पाणी वायरीवरून थेट पिनेपर्यंत उतरते. न जोडलेली टोके रात्रभर उघडी ठेवायची नाहीत. टोपण लावायचे, नाहीतर पहिल्या सरीतच पिन काळी पडते. जोडलेला कनेक्टर पत्र्यावर लोळत ठेवायचा नाही, फ्रेमखाली बांधायचा, आणि बांधायला ऊन सोसणारा टाय वापरायचा. साधा पांढरा टाय थोड्याच काळात कडकडून तुटतो. मग वायर वाऱ्याने फ्रेमच्या धारेवर घासत राहते आणि तिथून दुसऱ्याच दुखण्याची सुरुवात होते, ते पुढे येईलच.

आणि चालू स्ट्रिंगचा कनेक्टर हाताने कधीही ओढायचा नाही. ओढणारा माणूस त्या क्षणी स्वतःच्या मुठीत आर्क तयार करत असतो. आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद करायची, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची डीसी तोडणारा स्विच), मग क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमट्यासारख्या लावायच्या मीटरने) प्रवाह शून्य झाल्याची खात्री करून कनेक्टर उघडायचा. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. साधा एसी क्लॅम्प १३ अँपिअर वाहत असतानाही निवांत शून्य दाखवतो.

एमसीबीबद्दल आमची तक्रार मोठी आहे. डीसी बॉक्समध्ये एसीचा एमसीबी लावलेला आजही सापडतो. एसीचा एमसीबी शून्याच्या भरवशावर आर्क विझवतो. ४०० व्होल्ट डीसीवर तो उघडला की आतली आर्क तशीच जळत राहते आणि बॉक्स वितळतो. डीसीचा एमसीबी घेतला तरी दोन गोष्टी पाहायच्या. एक, त्यावर छापलेले व्होल्टेज एका पोलचे आहे की सगळे पोल एकामागे एक जोडल्यावरचे. चार पोलवर छापलेले १००० व्होल्ट दोन पोल वापरून मिळत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. काही डीसी एमसीबीमध्ये आर्कला विझवण्याच्या जाळीकडे ढकलायला कायमचे चुंबक बसवलेले असते. प्रवाह ठरल्या दिशेने असेल तर चुंबक आर्कला जाळीत नेते, उलटा असेल तर थेट यंत्राच्या पोटात. अशा एमसीबीवर प्लस-मायनसच्या खुणा असतात आणि त्या पाळणे बंधनकारक आहे. प्रवाह उलट वाहू शकतो अशा जागी, बॅटरीकडे किंवा समांतर जोडलेल्या स्ट्रिंगवर, दिशा न मानणाराच एमसीबी लावावा. आयसोलेटरवर ‘डीसी-पीव्ही१’ किंवा ‘डीसी-पीव्ही२’ हा वर्ग छापलेला असावा, तो स्विच सोलरच्या डीसी प्रवाहात उघडून तपासलेला आहे, याची ती खूण.

फ्यूज केव्हा लागतो? स्ट्रिंग एक असेल किंवा दोन समांतर असतील तर सहसा लागत नाही. बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये दुसऱ्या स्ट्रिंगचे फार तर १३.९ अँपिअर उलटे शिरतात आणि तेवढे पॅनेल सोसते. तीन झाल्या की दोघींचे मिळून २७.८ अँपिअर तिसरीत शिरू शकतात, आणि लेबलवरची फ्यूजची कमाल मर्यादा या मापाच्या पॅनेलवर बहुधा २५ अँपिअर असते. तिथे प्रत्येक स्ट्रिंगला सोलरसाठीच्या ‘जीपीव्ही’ वर्गाचा फ्यूज हवाच. फ्यूज होल्डरचे झाकण चालू प्रवाहात उघडायचे नसते. ते स्विचसारखे दिसते, पण स्विच नव्हे.

व्होल्टेजचा हिशोब करताना थंडी विसरली जाते. इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्ट, पॅनेल ४९.८ चे, १२ पॅनेल म्हणजे ५९७.६, ‘बसतेय की’ असे म्हणून कामाला सुरुवात होते. पण ४९.८ हा आकडा २५ अंशांचा आहे. या जातीच्या पॅनेलचे व्होल्टेज दर अंश घसरणीला साधारण ०.२७ टक्क्याने वाढते. पहाटे सेल १० अंशांवर असताना वाढ ४ टक्क्यांची, म्हणजे ६२२ व्होल्ट. पहिले कोवळे ऊनही त्यासाठी पुरते, कारण कमी उजेडात प्रवाह कमी मिळतो, व्होल्टेज जवळजवळ पूर्ण येते. इन्व्हर्टर अजून भार घेत नसतो आणि सगळे ६२२ त्याच्या तोंडावर येतात. ११ पॅनेल लावली तर त्याच पहाटे ५७० होतात. त्या जागी आजवर किती थंडी पडली आहे ते पाहून पॅनेलची संख्या ठरवावी, दुपारच्या मोजमापावरून नव्हे.

१२ व्होल्टच्या छोट्या यंत्रणेत हाल उलटे होतात. तिथे धोका जास्त व्होल्टेजचा नसतो, असलेले व्होल्टेज वायरच खाऊन टाकते. ४ चौरस मिमी तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे ५ ओम. भार १० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.१ ओम. २० अँपिअरला २ व्होल्ट वायरीतच जिरले, १२ पैकी २! तीच वायर ४१७ व्होल्टच्या स्ट्रिंगला ३० मीटर अंतरावरूनही चालते. तिथे तोटा ४ व्होल्टचा, म्हणजे एक टक्का. एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून ११० व्होल्टची डीसी द्यायला सुरुवात केली, तिचा पल्ला मैलभरातच संपला तो याच हिशोबाने.

बॅटरीच्या बाजूला मात्र बातमीतला शब्द अगदी बरोबर आहे. बॅटरीचा आतला रोध काही मिलीओमचा. तिच्या टोकांवर पाना पडला तर प्रवाह हजारांच्या घरात जातो. तिथे शॉर्टसर्किट हाच खरा शत्रू. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाला लागूनच हवा, कारण त्याच्या आधीच्या वायरीला संरक्षण नसते. तो हजारो अँपिअर तोडू शकणारा हवा. लिथियमला टी-क्लासचा फ्यूज योग्य. ३००० वॅटचा इन्व्हर्टर ४८ व्होल्टवर, १० टक्के तोटा धरून, सुमारे ६९ अँपिअर ओढतो. १२ व्होल्टवर २७८. एवढ्या प्रवाहाला लग (वायरीच्या टोकाचे बोल्टखाली बसणारे धातूचे कडे) अर्धवट आवळलेला असेल तर आठवडाभरात तो निळा पडतो. चार्ज कंट्रोलर (पॅनेलच्या विजेने बॅटरी भरणारे यंत्र) जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडवताना आधी पॅनेल. बॅटरी नसताना पॅनेलचे व्होल्टेज आवरायला कंट्रोलरला आधारच नसतो आणि बरेच कंट्रोलर या एका चुकीने जातात.

आता ते फ्रेमच्या धारेवर घासलेल्या वायरीचे दुखणे. साल घासले गेले की तार फ्रेमला, म्हणजे अर्थला टेकते. इन्व्हर्टर सकाळी जोडून घेण्याआधी इन्सुलेशन तपासतो आणि ‘आयएसओ’ची, म्हणजे इन्सुलेशनची, चूक दाखवून थांबतो. पावसाळ्यात हे हमखास: सकाळी चूक, दुपारी छप्पर वाळले की गायब. बरेच जण चूक पुसून यंत्रणा पुन्हा चालू करतात. आर्कची पहिली जागा इथेच तयार होत असते. शिवाय डीसी गळती ओल्या जागी इलेक्ट्रोलिसिस करते आणि प्लसकडचा धातू हिरवा होऊन झिजत जातो.

जागा शोधायला छप्पर उचकटावे लागत नाही. इन्व्हर्टर बंद करून स्ट्रिंगची दोन्ही टोके मोकळी करावीत आणि १००० व्होल्टच्या मल्टिमीटरने तीन मापे घ्यावीत. समजा १० पॅनेल, प्लस-मायनसमध्ये ४६० व्होल्ट, म्हणजे दर पॅनेलला ४६. प्लस ते अर्थ १३८ आणि मायनस ते अर्थ ३२२ भरले. १३८ भागिले ४६ म्हणजे ३. दोष प्लसकडून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनेलच्या मधल्या वायरीत. दोन मापांची बेरीज ४६० पेक्षा कमी आली तरी त्यांचे एकमेकांशी प्रमाण तीच जागा दाखवते. गळती अर्धवट असली की असे होते. दोन्ही मापे घसरत शून्याजवळ गेली तर दोष त्या घटकेला नाही, दव असताना पुन्हा मोजावे. दुरुस्तीनंतर मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) १००० व्होल्ट देऊन किमान १ मेगाओम यायला हवा. त्याआधी सर्ज अरेस्टर (व्होल्टेजची अचानक उसळी अर्थला वाहून नेणारा) सोडवायचा, नाहीतर तोच वाहू लागतो आणि चांगली वायर खराब ठरते. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना व्होल्ट मोजू नयेत, हे लिहावे लागते याचा खेद आहे.

आग लागलीच तर मेन स्विच पाडल्याने एसी बाजू मरते, पॅनेलपासून आयसोलेटरपर्यंतची वायर जिवंतच राहते. ऊन असेपर्यंत ती बंद करता येत नाही. अमेरिकेच्या त्याच संहितेने २०१४ पासून इमारतींवरच्या सोलरसाठी व्होल्टेज झटपट उतरवण्याची सोय मागितली ती अग्निशमन दलाच्या जवानांसाठीच. जिथे तशी सोय नाही तिथे जिन्याच्या दाराशी एक पाटी असावी: डीसी वायर कोणत्या भिंतीवरून, कोणत्या पाइपातून उतरते आणि आयसोलेटर कुठे आहे.

आपल्या वार्ताहरांना विनंती एवढीच. पुढच्या वेळी जळालेल्या छपराशेजारी उभे असाल तेव्हा बसवणाऱ्याला विचारा: आग कोणत्या सांध्यापासून सुरू झाली, त्या सांध्याचे दोन्ही कनेक्टर एकाच मेकचे होते का, आणि बॉक्समधला एमसीबी डीसीचा होता का. उत्तर छापता आले नाही तरी चालेल, प्रश्न छापा.

आपले,
सोलर यंत्रणांची उभारणी आणि दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ